बरगडीची स्लाइड कशी वाचायची (लोडिंग, म्हणजे हाडावर पडणारा भार, शोधत असाल तर)

मायक्रोस्कोपखाली गोल गोल ऑस्टिऑन (मधल्या रक्तवाहिनीभोवती हाडाच्या थरांची वर्तुळं) दिसले की बरेच जण "इथे लोड जास्त" असं लिहून मोकळे होतात. बरगडीत हे चालत नाही. ती मांडीच्या हाडासारखं वजन पेलत नाही पण तिला सुट्टीही नसते, मिनिटाला 12 श्वास धरले तरी दिवसाला 17 हजारांच्या वर वेळा ती जराशी वाकते नि परत येते. शिवाय रीमॉडेलिंग (जुनं हाड खाऊन तिथे नवे ऑस्टिऑन भरणं) वयाने होतं, हार्मोन्सने होतं, मग लोडचा वाटा वेगळा काढणार कसा?

त्यासाठी एकाच बरगडीच्या दोन बाजू एकमेकींशी ताडून बघा. सहाव्या बरगडीचा मधला भाग घ्या, आणि कापायच्या आधी त्वचेकडची बाजू कुठली, फुप्फुसाकडची कुठली ते मार्क करा, नाहीतर नंतर तुकडा हातात घेऊन डोकं खाजवत बसावं लागतं. रेझिनमध्ये बसवून, डायमंड सॉने कापून, 50 ते 100 मायक्रॉनपर्यंत घासायचं.

आता मोजणी. पूर्ण ऑस्टिऑन आणि नव्यांनी अर्धवट खाल्लेले जुन्यांचे तुकडे, दोन्हींची बेरीज भागिले क्षेत्रफळ (चौरस मिलिमीटर). हे दोन्ही बाजूंच्या कॉर्टेक्सचं (बाहेरच्या घट्ट हाडाच्या थराचं) वेगवेगळं काढा, आणि सुंदर दिसणारी फील्डंच (मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारे भाग) निवडू नका, एक सोडून एक घ्या. माणूस तोच, वय तेच, हार्मोन्स तेच, म्हणजे दोन बाजूंत जो फरक उरतो तो त्या त्या जागेचा.

पण तोही सगळा लोडचा नाही हां! वाढीच्या वयात छाती बाहेर सरकते तेव्हा आतली बाजू झिजत जाते आणि बाहेर नवं हाड चढतं, त्यामुळे बाहेरचं हाड मुळातच तरुण, तिथे ऑस्टिऑन कमी दिसले तर आधी हा ड्रिफ्ट (हाडाचं असं सरकणं) आठवा. बाहेरच्या कडेला रीमॉडेल न झालेले समांतर थर दिसतात का बघा, दिसले तर संशय पक्का.

जमलं तर सर्क्युलर पोलराइज्ड लाइट (धाग्यांची दिशा दाखवणारा खास प्रकाश) लावा. हाडातलं कोलॅजन (प्रथिनाचे धागे) हाडाच्या लांबीला आडवं असेल तर उजळ दिसतं, लांबीच्या दिशेने उभं असेल तर काळपट, आणि लांब हाडांत दाबाची बाजू बहुतेकदा उजळ असते. माझ्या मते नुसत्या आकड्यांपेक्षा हा पुरावा जास्त बोलका.

वयस्कर माणसाची स्लाइड असेल तर मोजणीवर फार विसंबू नका, नवे ऑस्टिऑन जुन्यांना पुसतच जातात आणि आकडा एका जागी अडकतो.