ऑफिसचं नेटवर्क बसतं ते या चुकांमुळे

नेटवर्क अडलं की एक उपाय सगळ्यांना पाठ असतो: राउटर बंद करा, चालू करा. तेवढ्यापुरतं चालतं आणि दुपारी परत फोन येतो. आधी त्या पीसीला कोणता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळालाय ते बघा की! 169.254 ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (राउटरमधली आयपी वाटणारी सोय) त्याला काहीच मिळालेलं नाही, विंडोजने आपलाच एक नंबर लावून घेतलाय.

माझ्या डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे घरून आणलेला जुना राउटर. पुण्यातल्या एका सीएच्या ऑफिसात, ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत, निम्म्या लोकांना टॅलीचा डेटा दिसेना, इंटरनेट नाही, प्रिंटर सापडेना. बाकीच्यांचं झकास. सकाळी ज्याचं बंद, त्याचं दुपारी सुरू. सर्व्हरच गेला असं ठरवून नव्याचं कोटेशनही मागवून झालेलं. शेजारशेजारच्या दोन पीसींवर मी आयपीकॉन्फिग ही आयपी दाखवणारी कमांड मारली. एकावर 192.168.1.34, दुसऱ्यावर 192.168.0.102. म्हणजे ऑफिसात आयपी वाटणारे दोघं होते, आणि जो आधी उत्तर देईल त्याचा आयपी पीसी घेत होता. त्या दुसऱ्याच्या पत्त्याला, 192.168.0.1 ला, सतत पिंग लावून ठेवला (‘आहेस का?’ असं विचारत राहणारी कमांड) आणि स्विचमधल्या, म्हणजे सगळ्यांच्या केबली जिथे येतात त्या डब्यातल्या, केबली एकेक उपटत गेलो. पिंग थांबला ती केबल कॉन्फरन्स रूममध्ये, टीव्हीच्या मागे निघाली. आर्टिकलशिपच्या एका पोराने मोबाइलला वायफाय हवं म्हणून राउटर आणून ठोकला होता. कुणाला विचारणं वगैरे भानगडच नाही.

असा राउटर वापरायचाच असेल तर आधी एकट्या लॅपटॉपला जोडा. त्याचा आयपी बदलून तुमच्या नेटवर्कमधला रिकामा द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि मगच स्विचकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये (इंटरनेटच्या लाइनसाठीचं पोर्ट) नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर कुणाला नसतो.

दुसरं, क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणं. ‘दोन्हीकडे रंग सारखे लावले की झालं’ असं सांगणारे खूप भेटतात. नाही होत. 3 आणि 6 नंबरच्या पिनांवर एकाच जोडीच्या, म्हणजे केबलमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या, तारा लागतात. मनाने रंग लावले तर साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि लांब केबलवर स्पीड मात्र झोपतो. मी कायम एकच क्रम लावतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिगाबिटला (1000 एमबीपीएस स्पीड) चारही जोड्या लागतात, एक तुटली की बहुतेक वेळा 100 वर येता. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची स्वस्त केबल तर मी हातातही घेत नाही.

प्रिंटरला आयपी कायमचा द्या, तोही डीएचसीपीच्या रेंजबाहेरचा. केबल 100 मीटरच्या आत ठेवा, विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपातून ओढू नका.

आणि टेबलाखाली लोंबणारं केबलचं मोकळं टोक दिसलं म्हणून ते स्विचमध्ये खोचू नका. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये असेल तर साध्या स्विचवर लूप होतो, म्हणजे डेटा त्याच केबलमधून गोल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम फडफडतात आणि अख्खं ऑफिस ठप्प. तेव्हा शेवटी कोणती केबल लावली ते आठवा आणि तीच काढा.