सी भाषेतला छोटा रिफॅक्टरिंग पॅच कसा तपासावा

नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सी शिकलेल्या कुणालाही ओपन सोर्स प्रकल्पात शिरायचं असेल, तर दुसऱ्याचा छोटा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) तपासणं ही चांगली सुरुवात आहे. रिफॅक्टरिंगमध्ये कोडची मांडणी बदलते, वागणूक बदलायची नसते. म्हणून कोड देखणा झाला का, हा प्रश्न नंतरचा. आधी तो पूर्वीसारखाच चालतो का, ते पाहायचं.

1. कोड उतरवून घ्या. मोबाईल डेटावर असाल तर गिटने (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) डेप्थ 1 लावून, म्हणजे फक्त ताजी आवृत्ती घेऊन, क्लोन करण्याचा मोह होतो. पण त्यात इतिहास येत नाही आणि एखादी विचित्र ओळ कुणी, का लिहिली हे गिट ब्लेमला सांगता येत नाही. त्याऐवजी क्लोन करताना फिल्टर पर्यायाला ब्लॉब-नन द्या. सगळे कमिट (नोंदवलेले बदल) येतात, फाइलींचा जुना मजकूर लागेल तसा उतरतो. ब्लेम चालवताना नेट मात्र सुरू लागतं.

2. कमिट संदेश वाचा. नाव बदलणं, फंक्शन हलवणं आणि बग दुरुस्त करणं एकाच कमिटमध्ये कोंबलं असेल तर पुढे जाऊच नका, तुकडे करायला सांगा. हे सांगताना संकोच नको, मेंटेनरही (प्रकल्प सांभाळणारा) हेच सांगणार.

3. डिफ (आधीच्या नि नंतरच्या कोडमधला फरक) दोनदा पाहा. एकदा डब्ल्यू पर्याय लावून, म्हणजे नुसत्या स्पेसचे बदल गळतात. दुसऱ्यांदा कलर-मूव्हड लावून (गिट 2.15 पासून आहे). जशाच्या तशा हललेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात. नेहमीच्या लाल-हिरव्यात उरतात त्या ओळी खऱ्या बदलाच्या, नजर तिथे लावा.

4. आता सीचे सापळे. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा.

समजा, मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांचा पाऊस मिलिमीटरमध्ये एका इंट अ‍ॅरेत आहे आणि बेरजेचं लूप साइझऑफने संख्या काढतं: 32 बाइट भागिले 4, म्हणजे 8. कुणीतरी ते लूप उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये टाकतं. पॅरामीटर म्हणून गेलेला अ‍ॅरे तिथे पॉइंटर होतो. 64 बिट मशीनवर 8 भागिले 4, उत्तर 2. कोड कंपाइल होतो, चालतो, आणि सहा जिल्हे कोरडे जातात! डब्ल्यू-ऑल (नेहमीच्या वॉर्निंग दाखवणारा पर्याय) चालू असेल तर जीसीसी कंपाइलर इथे वॉर्निंग देतो, म्हणून वॉर्निंग बंद ठेवून पॅच तपासण्यात अर्थ नाही. संख्या वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा, असं सुचवा.

इंटचा साइझ-टी (अनसाइन्ड, म्हणजे ऋण किंमत नसलेला प्रकार) केला असेल तर उलटं मोजणारी लूप शोधा. शून्यापेक्षा मोठं किंवा समान ही अट अनसाइन्ड प्रकारात कायम खरी असते, लूप थांबतच नाही.

मॅक्रोचं इनलाइन फंक्शन केलं असेल तर दोन गोष्टी बदलतात. मॅक्रोत दोनदा मोजलं जाणारं आर्ग्युमेंट आता एकदाच मोजलं जातं आणि प्रकार ठरून जातो. इंट घेणाऱ्या फंक्शनला डबल दिला की अपूर्णांक गुपचूप जातो. पहिला बदल बहुधा भल्याचाच असतो, पण तो बदल आहे. संदेशात तसं लिहिलेलं हवं.

गोटू क्लीनअप (शेवटच्या आवराआवरीकडे नेणारी उडी) काढून मधूनच रिटर्न केलं असेल तर प्रत्येक वाट बोटाने धरून पाहा: मेमरी फ्री झाली का, फाइल बंद झाली का, लॉक सुटलं का. एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) वाचण्याआधी मध्ये दुसरा लायब्ररी कॉल घुसला असेल तर त्यातली किंमत बदलू शकते. आणि सार्वजनिक हेडरमधल्या स्ट्रक्टच्या फील्डचा क्रम हलवणं ही साफसफाई नव्हे, त्याने आधी कंपाइल झालेले प्रोग्रॅम मोडतात.

विनाकारण दिसणारी ओळ काढली असेल तर ब्लेम कराच. 2006 साली डेबियन या लिनक्स वितरणात, व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या तक्रारी थांबवण्यासाठी, ओपनएसएसएल या एनक्रिप्शन लायब्ररीतून दोन ओळी काढल्या गेल्या. यादृच्छिक आकड्यांचा आधारच गेला आणि तयार होणाऱ्या एनक्रिप्शनच्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघड झालं 2008 मध्ये.

5. कंपाइलरकडून साक्ष घ्या. फक्त स्थानिक व्हेरिएबलचं नाव बदललं असेल तर डीबग माहिती न घालता, त्याच फ्लॅगांनी आधीचा आणि नंतरचा कोड कंपाइल करा आणि ऑब्जडम्पचं (मशीन कोड उलगडून दाखवणारं साधन) आउटपुट ताडून पाहा. मशीन कोड हुबेहूब निघायला हवा. असर्ट असेल तर फरक दिसेल, कारण त्यात ओळ क्रमांक नि अटीचा मजकूर भरला जातो. मग असर्ट बंद करणारा एनडीबग लावून पुन्हा पाहा. बदल मोठा असेल तर अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर (चालताना मेमरीच्या नि अव्याख्यित वागणुकीच्या चुका पकडणारे पर्याय) लावून टेस्ट चालवा. पॅचमध्ये अनेक कमिट असतील तर गिट रिबेसला एक्झेक पर्याय देऊन प्रत्येक कमिटवर बिल्ड नि टेस्ट होऊ द्या. मधला एक जरी मोडला तर पुढे बायसेक्ट करणारा (बिघाड कोणत्या कमिटपासून आला ते शोधणारा) अडकतो.

6. अभिप्राय लिहा. फाइल, ओळ, काय बिघडेल आणि कुठल्या इनपुटवर, एवढं पुरे. बदललंच पाहिजे ते वर, आवडीनिवडीचं खाली आणि तसं सांगून. चाचणी चालवली असेल तर कंपाइलर नि फ्लॅग कळवा, चालवली नसेल तर फक्त वाचलं असं लिहा. सुधारित पॅच आला की सगळा नव्याने वाचू नका. गिट रेंज-डिफ दोन्ही आवृत्त्यांतला फरक दाखवतो.