तालुक्याच्या गावी किरायाच्या खोल्या बांधताना

आधी किरायेदार कोण मिळणार ते ठरवा, मग लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली जागा, पाहा. उलटं केलं की प्लॉट स्वस्तात पडतो आणि खोल्यांना कुलूप राहतं. आपल्या विदर्भात तालुक्याच्या गावी किराया देणारे मोजकेच: बदलीवर आलेले शिक्षक, बँकेचे नि महावितरणचे कर्मचारी, दवाखान्यातल्या नर्स, आयटीआयची पोरं. वणीकडे कोळसा खाणीवरचे लोक, सावंगी मेघेला मेडिकलचे विद्यार्थी, बुटीबोरीला एमआयडीसीतले कामगार. नर्सला रात्रपाळी असते, पोरांकडे गाडी नसते. म्हणून दवाखाना, कॉलेज किंवा बसस्टँडपासून पायी पंधरा मिनिटांच्या आतली वस्ती धरा. बायपासच्या लेआउटची कमान कितीही देखणी असो, किराया कमानीचा मिळत नाही.

वस्ती दोनदा पाहा. मे महिन्यात शेजारच्या बायांना विचारा, नळ किती दिवसांआड येतो, बोअर आटतो का. जुलैत झड लागली की पुन्हा जा. रस्त्यावर पाणी कुठं तुंबतं ते तेव्हाच कळतं.

इसार देण्याआधी अकृषक आदेश (जमीन बिगरशेती केल्याचा), मंजूर लेआउटचा नकाशा, सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहर-गावठाणातल्या जागेचा मालकीचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) तपासा. बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, सातबाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात दिसतो. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या लिखापढीनं मालकी येत नाही, विक्रीपत्राची रजिस्ट्री लागतेच.

खरा पैसा वाचतो किंवा बुडतो तो पायात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया त्या थरातच थांबवला तर दोन-तीन वर्षांत चौकटीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा वर चढतात; पुट्टी भरा, पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा तिथंच. खड्डा घट्ट मुरूम लागेपर्यंत न्या, प्लिंथ बीम (जोत्यावरची सळई-काँक्रीटची पट्टी) टाका, आणि निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नका. मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून धुमसा.

प्रत्येक खोलीला खिडकीबाहेर कूलरचं स्टँड, जवळ प्लग आणि नळ द्या. समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी हवीच, नाहीतर हवा बाहेर पडत नाही आणि खोली दमट होते. वीजमीटर खोलीगणिक वेगळा घ्या. सबमीटरची भांडणं मे महिन्याच्या बिलावर पेटतात.

हिशेब अकरा महिन्यांचाच करा, एक महिना रिकामा धरून. समजा प्लॉटसह 26 लाख लागले, चार खोल्या, प्रत्येकी महिना 4,000. वर्षाचे 1,76,000. घरटॅक्स, पाण्याची मोटार, रंग यांचे 26,000 काढा. उरले दीड लाख, म्हणजे पावणेसहा टक्के. एवढ्यावर कर्जाचा हप्ता निघत नाही. कर्ज काढून फक्त किरायासाठी बांधू नये, हे आमचं स्पष्ट मत.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच करा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देणारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं धरलं जातं, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी ऑनलाइन होते. दोन महिन्यांचं डिपॉझिट घ्या, आणि खोली देताना पंखे, नळ, भिंतींचे फोटो किरायेदारासमोर काढून त्यालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.