परक्या ठिकाणी लोक थंड किंवा अतिगोड वाटले तर काय करायचं

बाहेर कुठे राहायला गेलेल्या माणसाला विचारा तिकडचे लोक कसे आहेत, बहुतेक वेळा दोनच उत्तरं येतात, एक तर "चांगले आहेत पण थंड आहेत" किंवा मग "बोलायला गोड आहेत पण मनापासून नाही". मला या दोन्हीत एकच घोळ दिसतो, आपण मोकळेपणा आणि सभ्यपणा एकच धरून चालतो. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अडीनडीला मदत करणं ही त्याहून वेगळी तिसरी. हे तीन सुटे केले ना, की नव्या ठिकाणी मनाला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी लागतच नाहीत, म्हणून आधी तेवढं सांगते आणि मग प्रत्यक्षात काय करायचं ते.

मी फिनलंडमधल्या हेलसिंकीला पहिल्यांदा गेले तेव्हा जानेवारी होता. ट्रामच्या स्टॉपवर चार माणसं उभी होती आणि दोघांच्या मध्ये अजून एक माणूस सहज मावेल एवढी जागा. मी सवयीने एका बाईंच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले, त्या एक पाऊल सरकल्या, मला वाटलं मला जागा करून देतायत म्हणून मीही सरकले, त्या परत सरकल्या, आणि मला फार वाईट वाटलं, म्हटलं एवढं काय झालं. नंतर उतरताना माझा हातमोजा ट्राममध्येच पडला, मला पत्ताच नाही, तर त्याच बाई मागून उतरल्या, मोजा माझ्या हातात दिला, ना काही बोलल्या ना हसल्या, आणि ट्राम त्यांना न घेताच निघून गेली. मग त्या पुढच्या ट्रामची वाट बघत तिथेच थांबल्या, माझ्यापासून तेवढंच अंतर ठेवून.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन या भाषाअभ्यासकांनी १९७८ मध्ये इंग्लिश, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा तीन भाषा शेजारी ठेवून मांडलं होतं की माणसाला चारचौघांत दोन गोष्टी हव्या असतात, लोकांनी आपल्याला आपलं मानावं आणि लोकांनी आपल्याला उगाच अडवू नये. काही ठिकाणी पहिलीला वजन जास्त, तिथे अनोळखी माणूसही तुम्हाला कुठून आलात, लग्न झालंय का असं सगळं विचारतो आणि त्याच्या मते तो तुमचा मान राखत असतो. काही ठिकाणी दुसरीला वजन, तिथे तुमच्याकडे न बघणं हाच मान. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये याचं छान वर्णन केलंय, माणूस तुमची नोंद घेतो आणि लगेच नजर काढून घेतो, म्हणजे तू आहेस हे मला दिसलं आणि तुला मी त्रास देणार नाही. हे दुर्लक्ष नाहीये.

आणि मदतीचं तर अजूनच वेगळं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत रस्त्यावर तीन साधे प्रयोग केले, पेन पडल्याचं कोणी सांगतं का, पायाला पट्टा बांधलेल्या माणसाची मासिकं पडली तर कोणी उचलून देतं का, आणि अंध माणसाला रस्ता ओलांडायला कोणी मदत करतं का. २००१ मध्ये निकाल छापून आले तेव्हा रिओ दी जानेरो पहिलं होतं, क्वालालंपूर शेवटचं, न्यूयॉर्क शेवटून दुसरं, कोलकाता चौथं. पण मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते व्हिएन्ना आणि कोपनहेगन, दोन्ही पहिल्या सातांत, आणि तिथल्या लोकांना कोणी पटकन गप्पिष्ट म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ३६ शहरांत त्यांनी आधी असंच काम केलं होतं, त्यात रॉचेस्टर वर आणि न्यूयॉर्क शहर तळाला, दोन्ही एकाच राज्यातली. म्हणजे 'अमुक राज्याचे लोक असेच' म्हणून चालत नाही, तिथे गर्दीच्या दाटीचा संबंध सगळ्यात ठळक निघाला.

तर आता करायचं काय. पहिले दोन दिवस फक्त बघा. स्टॉपवर, काउंटरवर, लिफ्टमध्ये. लोक एकमेकांशी पहिला शब्द काय बोलतात, किती लांब उभे राहतात, नजर किती वेळ ठेवतात, एवढं तीनच.

पहिल्या शब्दावर खूप काही ठरतं. फ्रान्समध्ये दुकानात शिरल्या शिरल्या 'बोंजूर' न म्हणता थेट प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा धरतात, आणि मग दुकानदार तुटक वागला की आपण म्हणतो फ्रेंच माणसं माजोरडी. त्यांच्या दृष्टीने सुरुवात आपणच केलेली असते! म्हणून कुठेही जाण्याआधी तिथला नमस्काराचा शब्द आणि तो कधी म्हणतात हे पाठ करा, बाकी भाषा नाही आली तरी चालेल. अमेरिकेत 'हाऊ आर यू' हा तब्येतीचा प्रश्न नसतो, 'गुड, यू?' म्हणा आणि पुढे चला, तिथे खरं उत्तर द्यायला लागलात तर समोरचा गोंधळतो.

अंतराचं म्हणाल तर नियम सोपा आहे, ते समोरच्याला ठरवू द्या. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकनांचं मोजमाप देताना साधारण ४५ सेंटीमीटर ते सव्वा मीटर हा ओळखीच्यांचा पट्टा आणि त्यापुढे अनोळखी असं सांगितलं होतं, पण ते सगळीकडे लागू नाही. २०१७ मध्ये ४२ देशांची तुलना झाली त्यात अनोळखी माणसापासून सगळ्यात जास्त अंतर रोमानियातल्या लोकांनी मागितलं आणि सगळ्यात कमी अर्जेंटिनातल्या लोकांनी. तेव्हा समोरचा मागे सरकला तर पाठोपाठ जाऊ नका (मी गेले तशी), आणि तो जवळ आला तर मागे सरकून भिंतीला टेकू नका, एक पाय जागेवर रोवून फक्त थोडं तिरकं उभं राहा, त्याचाही मान राहतो आणि तुम्हालाही श्वास मिळतो.

बोलण्यातल्या गॅपकडे लोक लक्षच देत नाहीत आणि खरी भांडणं तिथे होतात. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या गेल्या, प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सगळीकडे साधारण पाव सेकंदाच्या आसपासच वेळ लागत होता, जपानीत सगळ्यात पटकन आणि डॅनिशमध्ये सगळ्यात सावकाश, फरक म्हणजे सेकंदाचा अर्धा भागही नाही. पण कानाला तेवढा जाणवतो. सावकाश भाषेतल्या माणसाशी बोलताना प्रश्न विचारला की मनात एक आकडा मोजा, घाईने स्वतःच उत्तर भरू नका. उलट काही ठिकाणी, भाषाअभ्यासक डेबोरा टॅनन यांनी न्यूयॉर्कच्या गप्पांबद्दल हे दाखवलंय, मध्येच बोलणं म्हणजे मी लक्ष देऊन ऐकतोय असं असतं, तिथे तुम्ही सभ्यपणे गप्प बसलात तर तुम्हाला रस नाही असं वाटतं.

हसण्याबद्दलही तेच. रशियनमध्ये म्हणच आहे की कारणाशिवाय हसणं हे मूर्खपणाचं लक्षण, आणि २०१६ मध्ये ४४ देशांत फोटो दाखवून विचारलं गेलं तेव्हा काही देशांत हसरा चेहरा खरंच कमी हुशार वाटला. तिथे अनोळखी माणसाकडे बघून हसायचं सोडा, मान थोडी हलवा, पुरे.

आता आपल्याच भाषेतली एक अडचण, ही मी फार जणांना येताना बघितलीय. मराठीत विनंती 'कृपया' मध्ये नसतेच, कृपया असतो पाट्यांवर आणि घोषणांमध्ये. आपली विनंती 'जरा' मध्ये असते, 'ना' मध्ये, 'सरकता का' मधल्या 'का' मध्ये आणि आवाजाच्या हेलात. इंग्लिशमध्ये बोलताना हे सगळं गळून पडतं आणि उरतं 'गिव्ह मी दॅट', 'मूव्ह अ लिटल', आणि समोरच्याला तो हुकूम वाटतो. म्हणून तिथे 'कुड यू' आणि 'प्लीज' जाणूनबुजून लावा, प्रत्येक वेळी, कितीही खोटं वाटलं तरी, तो आपल्या 'जरा'चा अनुवाद आहे असं समजा. थँक्यूचंही असंच, २०१८ मध्ये आठ भाषांमधल्या रोजच्या व्यवहारांवर एक अभ्यास झाला, घरच्या आणि ओळखीच्या लोकांत मदत मिळाल्यावर आभार मानले गेले ते वीसातून एखाद्याच वेळी, इंग्लिश आणि इटालियनमध्ये जरा जास्त. एक्वादोरमधल्या चापाला भाषेत तर आभाराचा ठरलेला शब्दच नाही. थँक्यू कमी ऐकू आलं म्हणजे कृतज्ञता नाही असं अजिबात नाही.

गोड बोलण्याच्या ठिकाणी दोन गोष्टी सांभाळा. इराणमध्ये 'तारोफ' असतो, टॅक्सीवालासुद्धा पैसे द्यायच्या वेळी 'काही नको' म्हणतो, तिथे थँक्यू म्हणून उतरून जायचं नसतं, पुन्हा पुन्हा द्यायचे असतात, तो घेतो. हे खोटं बोलणं नाही, दोघंही एकमेकांचा मान ठेवतायत. म्हणून कुठलंही आमंत्रण पहिल्या झटक्यात धरू नका, एकदा हलकेच नाही म्हणा, दिवस आणि वेळ ठरवून परत विचारलं तर ते खरं. दुसरी गोष्ट, गोडपणाला सगळं चालतं असं समजू नका. १९९६ मध्ये मिशिगन विद्यापीठात एक प्रयोग झाला, अरुंद बोळात समोरून धिप्पाड माणूस येतो तेव्हा विद्यार्थी किती अंतरावरून बाजूला होतात ते मोजलं, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडची मुलं उत्तरेकडच्यांपेक्षा लवकर, साधारण नऊ फुटांवरूनच वाट द्यायची, पण त्याआधी कोणी धक्का मारून शिवी दिली असेल तर तिकडचीच मुलं तीन फुटांपर्यंत हटायची नाहीत. जिथे अदब जास्त तिथे अपमानही जास्त लागतो, सलगीची थट्टा तिथे जपून.

तू की तुम्ही हा प्रश्न पडला तर वरून सुरुवात करा, खाली यायला नेहमी वाव असतो. जर्मनीत 'झी'वरून (तुम्ही) 'डू'वर (तू) यायचं सहसा वयाने किंवा पदाने मोठा माणूस सुचवतो, आपण वाट बघायची. स्वीडनमध्ये मात्र उलटं, तिथे ब्रोर रेक्सेड यांनी १९६७ मध्ये सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख होताना सगळ्यांना 'दू' (तू) म्हणणार असं जाहीर केलं, तो बदल आधीच सुरू होता आणि नंतर सगळीकडे पसरला, आता तिथे जास्त आदर दाखवलात तर माणूस अवघडतो.

मोठ्या शहरात मदत मागायची असेल तर मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांचं १९७० चं म्हणणं लक्षात ठेवा, शहरातल्या माणसावर एवढ्या गोष्टी आदळत असतात की तो गाळूनच जगतो, त्याला माणुसकी नसते असं नाही. घोळक्याला विचारू नका, एकाला विचारा, चालणाऱ्याला नको, थांबलेल्याला, आणि पहिल्या वाक्यातच काय हवंय ते सांगा. "एक विचारू का" म्हणालात की त्याला वाटतं आता काहीतरी विकणार. "स्टेशनला जायला हीच बाजू ना?" असं विचारलं की उत्तर मिळतंच मिळतं.

गप्पा मारायच्या असतील तरी घाबरू नका. शिकागोच्या लोकल ट्रेनमध्ये निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर या संशोधकांनी प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला लावलं होतं, २०१४ मध्ये ते छापून आलं, लोकांना आधी वाटायचं की एकटं बसलेलंच बरं, प्रत्यक्षात बोलून उतरलेले जास्त खूश होते. फक्त सुरुवात दोघांना दिसणाऱ्या गोष्टीने करा, ट्रेन उशिरा आहे, पाऊस आहे, आणि एका शब्दात उत्तर आलं तर तिथेच थांबा, वाईट वाटून घेऊ नका.

चूक झाली तर लांबलचक माफी मागत बसू नका, त्याने समोरचाच अवघडतो, "मी इथे नवीन आहे, असं चालतं का इथे?" एवढं विचारा. आणि हे सगळं शिकायला तिथला जन्माचा रहिवासी फारसा उपयोगी पडत नाही, त्याला स्वतःचे नियम दिसतच नाहीत. चार-पाच वर्षांपूर्वी बाहेरून येऊन तिथे रुळलेला माणूस शोधा आणि त्याला एकच विचारा, तू आल्यावर पहिल्या महिन्यात कोण तुझ्यावर चिडलं होतं आणि का.