कच्च्या वाचकांना ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ शिकवताना

वाचनात मागे पडलेल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी अमेरिकन लेखक हेमिंग्वेची ही १९५२ची इंग्रजी कादंबरी हमखास निवडली जाते. एक म्हातारा कोळी आणि त्याच्या गळाला लागलेला प्रचंड मासा यांच्या झुंजीची ही गोष्ट. वाक्यं छोटी, मुख्य पात्रं दोनच. पण पुस्तकात एकही प्रकरण नाही. साधारण २७ हजार शब्द सलग आहेत आणि मिनिटाला १०० शब्दांच्या वेगाने ते साडेचार तासांचं वाचन होतं. म्हणून तुकडे आपणच पाडायचे, साधारण बारा: मासा गळाला लागेपर्यंत चार, तो मरेपर्यंत पाच, उरलेले तीन.

तासाला एक तुकडा. पहिली दहा मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचायचं, मुलांनी ओळीवर बोट ठेवायचं. उरलेलं मुलांनी जोडीने. एकेक परिच्छेद पाळीपाळीने वाचायला लावू नका. मूल आपला परिच्छेद मोजून शोधतं, तोच मनात घोकतं आणि मधलं काही ऐकत नाही.

अडचणीचा शब्द बहुतेक वेळा ‘हार्पून’ नसतो, इंग्रजी ‘ही’ (he) असतो. म्हातारा ‘ही’ आणि मासाही ‘ही’, त्यामुळे झुंजीच्या पानांवर कोण कोणाला ओढतंय ते कळेनासं होतं. अशा एका पानाची झेरॉक्स द्या. म्हाताऱ्याचा ‘ही’ निळ्या पेन्सिलीने, माशाचा लाल. जिथे रंगांवरून भांडण होईल ते वाक्य फळ्यावर घ्या. तसंच अवतरणचिन्हात आहे ते म्हातारा मोठ्याने बोलतो, बाकीचं पुष्कळसं मनात. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

नवे शब्द तासाला पाचच, आणि अर्थ चित्राने. गॅफ म्हणजे दांड्याला लावलेला आकडा, हार्पून म्हणजे दोर बांधलेला भाला. शब्दकोशातून हा फरक मुलांच्या लक्षात येत नाही. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे मासा शंभर फॅदमवर गळ घेतो तो सहाशे फुटांवर. मग वर्गाबाहेर खडूने अठरा फुटांचा मासा आखा, शेजारी सोळा फुटांची होडी. मासा होडीत का घेतला नाही, बाजूला का बांधला, हे विचारावं लागत नाही. शार्कना तो खायला का फावलं तेही तिथेच कळतं.

पु. ल. देशपांड्यांचा अनुवाद ‘एका कोळियाने’ हाताशी असेल तर जड पान आधी त्यातून वाचून दाखवा, मग मूळ. मधल्या रात्रींत वर्ग कंटाळतो. तिथे बेसबॉलच्या आठवणी तोंडी सांगून पुढे गेलात तरी चालेल. शार्कच्या पानांतलं मात्र काही गाळू नका.

प्रश्न असा हवा की उत्तरासाठी पानाकडे परतावं लागेल. शेवटी एक पर्यटक बाई माशाचा सांगाडा पाहून तो शार्कचाच समजते. का समजते? ‘तिला माहीत नव्हतं’ एवढ्यावर मुलं थांबली, तर वेटर तिला नेमकं काय सांगू पाहतो त्या ओळीवर बोट ठेवायला सांगा.