फिंचचं घरटं भरायच्या आधी हे जमवून ठेवा

झेब्रा फिंच म्हणजे पिंजऱ्यात पाळायचे छोटे पक्षी, त्यांची जोडी घरात रुळली की नर घरट्यासाठी चोचीत काही ना काही धरून फिरायला लागतो, पेपरचा कपटा, स्वतःचंच गळलेलं पीस, मिळेल ते, आणि मग आपली धावपळ होते आणि घरात जे हाताला लागेल ते आपण पिंजऱ्यात टाकतो. मी तेच केलं होतं. आजीच्या देवघरातला वातींचा कापूस दिला, मऊ आहे, पिल्लांना ऊब मिळेल असं वाटलं. पिल्लू बाहेर यायच्या वेळेला एकाच्या पायाला कापसाचे तंतू पिळून बसलेले दिसले, दोन बोटं काळी पडली होती आणि ती बोटं गेलीच. म्हणून म्हणते, तयारी आधी करा, नर काडी शोधायला लागल्यावर नाही.

सगळ्यात आधी घरातून काय बाजूला करायचं ते बघा. कापूस, लोकर, शिवणाचा दोरा, उशीतलं सिंथेटिक भरण, कंगव्यातले केस, नायलॉनची सुतळी, हे सगळं बाद. संक्रांतीला मांजाने पक्ष्यांचं काय होतं ते आपण मुंबईत दर वर्षी बघतो, घरट्यातला बारीक दोरा तेच करतो फक्त हळूहळू, पाय वाढतो आणि दोरा वाढत नाही, पायाला रक्त पोचायचं बंद होतं. शिवाय असले तंतू पोटात गेले तर गळ्याखालची अन्नाची पिशवी तुंबते. माझी एक साधी परीक्षा आहे, कुठलाही तंतू बोटाला दोन वेढे देऊन सोडायचा, ताठ असल्यामुळे आपोआप उलगडला तर ठेवायचा, बोटाला धरून राहिला तर फेकायचा.

आता आणायचं काय. मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते सुकं गवत, सशांसाठी पेट शॉपमध्ये टिमोथी नावाचं सुकं गवत मिळतं ते चालतं, क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर पाकीट उघडून वास घ्या, कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली तर घेऊ नका. दुसरं म्हणजे नारळाची शेंडी, ती तर आपल्या घरात फुकट असते, पण पायपुसण्याचा काथ्या नको, त्याला रंग आणि मागे रबर असतं. शेंडी पिंजून काढा, गरम पाण्यात उकळा, गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि कात्रीने चार-चार बोटांचे तुकडे करा, लांब धागा कितीही चांगला असला तरी अडकतो. आतल्या मऊ थरासाठी बिनवासाचा, बिनरंगी पांढरा टिश्यू फाडून दिला तरी पुरतो. खाली सोसायटीत उगवलेलं गवत मात्र तोडू नका, डासांच्या फवारणीचं औषध त्यावर पडलेलं असतं, आणि खिडकीतली कबुतरांची पिसं तर अजिबात नाही, त्यातून उवा, किडे, आजार सगळं येतं.

वाळवण्यावर मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. अंडी साधारण चार ते सहा, उबवायला दोनेक आठवडे, पुढे पिल्लं उडेपर्यंत तीनेक आठवडे, म्हणजे सव्वा-दीड महिना ते गवत तुम्हाला बदलता येणार नाही. त्यात ओल असली की बुरशी धरते, अॅस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसात जाते आणि एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, म्हणून मी पावसाळ्यात घरटं लावतच नाही, सामान कागदी पिशवीत भरून कोरड्या कपाटात ठेवते. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत हं, तो वास पक्ष्यांना विषारी असतो.

घरट्यासाठी डबा बिनरंगाचा लाकडी किंवा वेताची टोपली, वेताची घेतलीत तर आत हात फिरवून सुटलेली तार किंवा नायलॉनची गाठ नाही ना बघा. अर्धा डबा तुम्ही भरा आणि बाकीचं गवत लाकडी चिमट्याने जाळीला लावा, रचायचं काम त्यांचं त्यांना करू द्या. पण पहिली दोन-तीन अंडी दिसली की बाहेरचं उरलेलं सगळं काढून घ्यायचं, नाहीतर झेब्रा फिंच अंड्यांवरच नवीन थर रचत बसतात आणि खालची अंडी गार पडतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मादीसाठी समुद्रफेस, म्हणजे कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायचा पांढरा तुकडा, घरटं लावायच्या कितीतरी आधीपासून टांगलेला हवा, कॅल्शियम कमी पडलं तर अंडं तिच्या पोटातच अडकतं.

आणि हो, जोडी घेताना लाल मुनिया वगैरे आपल्या रानातले पक्षी कुणी दिले तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ते पाळता येत नाहीत.

शेवटची वस्तू म्हणजे बारीक टोकाची कात्री, एक भिंग आणि डॉक्टरचा नंबर. पिल्लं आठवड्याची झाली की आई-बाप दाणे खायला बाहेर येतात तेवढ्यात पटकन पाय बघून घ्या. तंतू सैल दिसला तर कापा, मांसात रुतला असेल तर ओढू नका, सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या, आमच्या इथून परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचं हॉस्पिटल, जवळ पडतं. नेताना झाकण असलेल्या छोट्या खोक्यात, भोकं पाडून, टिश्यू अंथरून न्या. घरातला कापूस त्या खोक्यातसुद्धा नको.