बसऱ्याला गेलेले पणजोबा शोधताय? या चुका टाळा

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या जुन्या गावात चौकशी केली, तर ‘आमचे थोरले आजोबा महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढाईवर, बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले ते आलेच नाहीत’ असं सांगणारं एखादं तरी घर निघतं. आता त्या घरातली पणतवंडं मोबाईलवर शोध घ्यायला लागली आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण बहुतेक घोटाळे माहिती न मिळाल्यानं होत नाहीत, भलत्याच माणसाची माहिती मिळाल्यानं होतात. लष्कराकडे त्याचा नंबर आणि पलटण असते, गावाकडे त्याचं घर आणि भाऊबंद. चुका होतात त्या हे दोन्ही जुळवताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाव दिसलं की शोध संपला असं समजणं. इंग्रजांच्या फौजांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या अशा सैनिकांची यादी फुकट पाहता येते. पहिल्या युद्धासाठी तिची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे युद्ध थांबल्यावर, १९२० साली वारलेला शिपाईसुद्धा तिथे असू शकतो. शोध १९१८ वर तोडू नका. त्या यादीत एकाच नावाचे तीन-चार सावंत किंवा शिंदे सहज भेटतात. म्हणून वडिलांचं नाव, गाव आणि पलटण या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ‘हेच आमचे’ म्हणू नका. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची तर अजिबात घाई नको, कारण एकदा फोटोसह फिरलेली माहिती कुणी मागे घेत नाही.

उलट बाजूही आहे. नाव मिळत नाही म्हणजे नोंद नाही, असंही नव्हे. कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. पवारांचं पोवार झालं, जाधवांच्या शेवटी कधी व्ही, कधी डब्ल्यू, तर कधी ओ आला, चव्हाण तर विचारू नका. अशा वेळी आडनाव सोडून द्या आणि ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका. ‘अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक’ अशी ओळ बऱ्याच नोंदींत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत अनेकदा बायकोचंही नाव सापडतं, आणि कित्येक घरांत पणजीचं नाव कुणालाच आठवत नसतं.

जिल्ह्याचं नाव आजचं टाकलं की हमखास फसगत. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा मालवणचा शिपाई ‘रत्नागिरी’तच सापडणार. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. आणि ‘कुलाबा’ वाचून मुंबईचा कुलाबा समजू नका, तो आजचा रायगड. कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, औंध ही संस्थानं होती, तिथल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येऊ शकतं. खेड नावाचे तर दोन तालुके आहेत, एक पुण्याचा आणि एक रत्नागिरीचा. कोयनेच्या धरणात गाव गेलं असेल तर आजचा पत्ता आणि नोंदीतलं गाव यांचा काही संबंध उरत नाही. मूळ गावाचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं.

पलटणीचं तसंच. ‘मराठी माणूस म्हणजे मराठा रेजिमेंट’ हे गृहीत धरून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवणारे खूप. तो बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या इंजिनिअर तुकडीत) असू शकतो, १९१७ ला उभ्या राहिलेल्या आणि १९२१ ला मोडलेल्या १११ महार पलटणीत असू शकतो, खेचरांच्या तांड्यावर किंवा मजूर तुकडीत असू शकतो. कोकणातला असेल आणि ‘जहाजावर होता’ असं घरात म्हणत असतील, तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक पाहा; पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची आठवण तिथे जपलेली आहे. शिवाय १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले. १०३, १०५, ११०, ११६, ११७ आणि ११४ या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. पहिल्या युद्धातल्या माणसाला नवा नंबर लावून शोधलं की काही हाती लागत नाही.

पलटण कळायचा सोपा मार्ग घरातच असतो. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. साडेचार-पाच इंचांची, सिंह आणि ब्रिटानियाचं चित्र असलेली ब्राँझची गोल थाळी असेल तर ती मृताच्या घरी आलेली आहे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा मात्र नसतो. दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंच-राख लावून मेडल किंवा थाळी घासू नका. अक्षरं आधीच झिजलेली असतात, आणि बऱ्याचदा मेडलच्या कडेपलीकडे पलटणीचा पुरावा घरात नसतो. भिंग घ्या, तिरपा उजेड पाडा आणि फोटो काढा.

कबर शोधणं ही आणखी एक वाया जाणारी मेहनत. हिंदू सैनिकांचं दहन होत असे. इरिट्रियातल्या केरेनला, इटलीत सांग्रो नदीजवळ अशांची दहन-स्मारकं आहेत. १० जुलै १९४४ ला इटलीत पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव कसिनोच्या स्मारकावरच आहे, कबर नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर सत्तर हजारांची आठवण आहे, पण कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपास, तीही मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात गेलेल्यांची. २०१९ ला उघडलेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचं. आणि बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र नुसता आकडा. त्यांची नावं नोंदवहीत आहेत, दगडावर नाहीत. याचा राग येणं साहजिक आहे.

‘गोळी लागून गेले’ हे घरातलं वाक्यही जपून घ्या. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उन्हानं, पटकीनं आणि उपासमारीनं फार माणसं गेली. तिथल्याच कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. शरण आल्यावर कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं, त्यात कितीतरी वाटेतच गेले. अशांची मृत्यूची तारीख अंदाजाची असू शकते.

गावाकडच्या कागदांत लोक चुकीच्या पानावर शोधतात. कोतवाल बुकात गावात झालेले मृत्यू असतात, बसऱ्यातला बहुधा मिळणार नाही. तिथे पाहायचा तो मुलांचा जन्म आणि विधवेचा मृत्यू. वारस कोण लागले हे जुन्या फेरफारांत, आणि कागद मोडीत असतील तर वाचणारा गाठा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे आता तालुक्यातही मिळतात. हेळव्यांकडची (गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगणाऱ्यांकडची) वंशावळ आणि तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या वह्या बघाच. देह न मिळाल्यानं पालाशविधी (पळसाच्या पानांची प्रतिमा करून केलेला अंत्यविधी) झाला असेल तर तिथे ओळ असण्याची शक्यता आहे. विधवेनं धाकट्या दिराशी पाट लावला असेल, तर ज्यांना आपण पणजोबा म्हणतो ते चुलत पणजोबा निघू शकतात. हे विचारताना घरातल्या थोरल्यांना चारचौघांत विचारू नका.

चावडीवरची किंवा शाळेतली संगमरवरी पाटी वाचतानाही घोळ होतो. ‘या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले’ असे त्यावर दोन आकडे असतात, लोक पहिलाच आकडा हुतात्म्यांचा म्हणून सांगतात. नावं त्यावर सहसा नसतात.

सगळं करूनही नाव यादीत नसेल, तर कमिशनला लिहिता येतं. २०२१ मध्ये त्यांनीच कबूल केलं की किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्यांची, नावानिशी नोंद झाली नाही किंवा नोंदच झाली नाही. पत्रासोबत मेडलच्या कडेचा फोटो, पेन्शनचा जुना कागद, फेरफाराची नक्कल आणि मोडीचं लिप्यंतर जोडा. नुसतं ‘आमच्या घरात असं सांगतात’ लिहून भागत नाही.